पिकअपचे ब्रेक घरच्या घरी कसे सुधारावेत? घाटातून माल नेणाऱ्या गाडीमालकांसाठी सविस्तर माहिती

नाशिक जिल्ह्यात टोमॅटो, कांदा, द्राक्षे आणि भाजीपाला यांची बरीचशी वाहतूक आता छोट्या पिकअपवर होते. पहाटे शेतातून माल उचलायचा, पिंपळगाव नाहीतर लासलगाव गाठायचे, कधी थेट कसारा घाट उतरून वाशी मार्केटला जायचे. पेठ-सुरगाण्याकडच्या गाड्यांना तर रोजचाच चढ-उतार. छोटा हत्ती असो की मोठी पिकअप, या गाड्या भरून धावतात आणि सगळा भार शेवटी ब्रेकवर येतो.

अलीकडे बरेच गाडीमालक घरीच ब्रेकचे काम करतात. मोबाइलवर व्हिडिओ बघून कोणी मागच्या चाकांना डिस्क बसवायला निघतो, कोणी मोठा सिलिंडर टाकतो. पण ब्रेक सुधारणे म्हणजे नवीन काहीतरी बसवणे नव्हे. बहुतेक जुन्या पिकअपमध्ये कंपनीने दिलेला ब्रेकच पूर्ण ताकदीने चालत नसतो. ब्रेक ऑइल जुने झालेले, मागचे लायनर ढिले, आणि पाटे वाढवल्यामुळे मागच्या चाकांना दाबच कमी जातो. हे तिन्ही दोष काढले तरी गाडीत मोठा फरक पडतो. यातले घरी काय करता येते, कसे करायचे आणि कुठे थांबायचे, त्याची ही माहिती.

ब्रेक नेमका चालतो कसा?

पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधल्या ब्रेक ऑइलवर दाब येतो. तो दाब पाइपमधून चारही चाकांपर्यंत जातो. बहुतेक छोट्या पिकअपमध्ये पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. पुढे कॅलिपरमधला पिस्टन दोन पॅडमध्ये डिस्क दाबतो. मागे व्हील सिलिंडर दोन शू बाहेर ढकलतो आणि त्यांचे लायनर ड्रमला आतून घासतात.

पायाची ताकद वाढवण्यासाठी मास्टर सिलिंडरच्या मागे गोल डबा असतो, तो बूस्टर. तो व्हॅक्यूमवर चालतो. डिझेल गाडीत हा व्हॅक्यूम इंजिनवर चालणारा पंप तयार करतो. इंजिन बंद झाले की पंपही बंद. बूस्टरमध्ये उरलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोनदा ब्रेक हलका लागतो, नंतर पेडल दगडासारखे कडक होते. उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडणे जिवावर बेतते ते यामुळेच.

बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या धुरीजवळ आणखी एक भाग असतो. चेसीला एक व्हॉल्व्ह आणि त्यापासून धुरीपर्यंत गेलेली स्प्रिंग किंवा दांडी. हा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह, मेस्त्री लोक त्याला एलएसपीव्ही म्हणतात. गाडी रिकामी असली की तो मागच्या चाकांचा दाब कमी ठेवतो, भरली की वाढवतो. रिकाम्या गाडीची मागची चाके जाम होऊन गाडी फिरू नये, यासाठी ही सोय आहे.

ब्रेक तापतो म्हणजे काय होते?

ब्रेक गाडीचा वेग उष्णतेत बदलतो. वेग वाढला की ही उष्णता झपाट्याने वाढते. ताशी ४० ऐवजी ६० किमी वेगाने येणारी गाडी थांबवायला सव्वादोन पट उष्णता तयार होते, ८० ला चौपट. माल दुप्पट झाला आणि गाडीचे एकूण वजन त्यामुळे दीडपट झाले, तर उष्णताही दीडपट.

घाटाचा हिशोब वेगळाच. इगतपुरीहून कसाऱ्याला येताना गाडी साधारण ३०० मीटर खाली उतरते. मालासह ३ टन वजनाची पिकअप नुसत्या ब्रेकवर एवढी उतरवली, तर २५ लिटर गार पाणी उकळेल एवढी उष्णता ब्रेकमध्ये साठते. म्हणजे दोन हंडे पाणी उकळवायची आग चार चाकांच्या आत.

या तापाने दोन गोष्टी होतात. पॅड आणि लायनर ठरावीक तापमानाच्या वर गेले की त्यांची पकड सुटते. पेडल कडकच लागते, पण गाडी थांबत नाही. जळका वास येतो. दुसरी गोष्ट जास्त वाईट. ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दबत नाही, वाफ दबते. त्यामुळे पेडल सरळ खाली जाते आणि ब्रेक लागतच नाही. लोक म्हणतात “ब्रेक फेल झाले”, त्यातल्या काही घटनांमध्ये कुठलाही भाग तुटलेला नसतो. अर्ध्या तासाने गार झाल्यावर तोच ब्रेक परत लागतो आणि मालकाला वाटते सगळे ठीक आहे. ठीक नसते, ऑइल बदलायची वेळ होऊन गेलेली असते.

काम सुरू करण्याआधी

गाडी सपाट आणि कडक जमिनीवर उभी करावी. शेतातल्या मऊ मातीत जॅक खचतो. जी चाके खोलायची नाहीत, त्यांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत. गाडी उचलल्यावर नुसत्या जॅकवर ठेवू नये, खाली मजबूत घोडी लावावी. विटांची किंवा पोकळ ब्लॉकची चळत लावणे टाळावे, वीट अचानक फुटते. मागच्या चाकांचे काम करताना हँडब्रेक सोडावा लागतो, तेव्हा पुढच्या चाकांचे ठोकळे तपासूनच सोडावा.

ब्रेकची धूळ तोंडाने फुंकू नये, कॉम्प्रेसरची हवाही मारू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ती धूळ फुफ्फुसाला घातक असते. ओल्या फडक्याने पुसावे, फडके पिशवीत बांधून टाकावे, नाकाला मास्क लावावा. मुलांना जवळ येऊ देऊ नये.

ब्रेक ऑइल रंग खाते. बॉडीवर सांडले तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यात गेले तर डोळे बराच वेळ धुऊन दवाखाना गाठावा.

काही खोलण्याआधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढून ठेवावेत. ड्रममधल्या स्प्रिंगा कुठल्या भोकात होत्या, हे जोडताना हमखास आठवत नाही.

पहिली सुधारणा : ब्रेक ऑइल

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित सुधारणा हीच. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषून घेते. झाकण बंद असले तरी रबरी पाइपमधून हळूहळू ओलावा आत शिरतो. पाणी वाढले की ऑइल कमी तापमानाला उकळते.

दुकानात डॉट ३ आणि डॉट ४ असे प्रकार मिळतात. नवे कोरडे डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मिसळले की ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. म्हणजे जुन्या डॉट ४ पेक्षा नवे डॉट ३ केव्हाही बरे. टाकीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत कोणता डॉट टाकायचा ते लिहिलेले असते. डॉट ३ आणि डॉट ४ एकाच जातीचे आहेत. डॉट ३ च्या गाडीत डॉट ४ टाकायला पुस्तिकेची परवानगी असेल, तर घाटात चालणाऱ्या गाडीसाठी तो चांगला बदल आहे. डॉट ५ मात्र सिलिकॉनचे असते, ते यात मिसळू नये.

ऑइल साधारण दोन वर्षांतून एकदा, किंवा पुस्तिकेत सांगितले असेल तेव्हा बदलावे. नवे ऑइल फिकट सोनेरी असते, काळपट झाले की समजावे उशीर झाला. पण रंग चांगला आहे म्हणून पाणी नाही असे नव्हे, त्यामुळे तारीख लिहून ठेवलेली बरी. अर्धा उघडा डबा पुढच्या वर्षासाठी ठेवू नये. इंजिन ऑइल, डिझेल, हायड्रॉलिक ऑइल यांचा एक थेंबही टाकीत जाऊ देऊ नये. त्याने सगळी रबरी सिले फुगतात आणि मास्टर सिलिंडरपासून सगळे बदलावे लागते. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचे मापटे यासाठी कधीच वापरू नये.

एअर काढण्याची पद्धत

या कामाला दोन माणसे लागतात. एक केबिनमध्ये, एक चाकाशी.

१. टाकीतले जुने काळे ऑइल सिरिंजने ओढून घ्यावे आणि नवे भरावे.

२. पुस्तिकेत वेगळा क्रम दिला नसेल तर मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करावी. आपल्याकडच्या गाडीत बहुधा मागचे डावे, मग मागचे उजवे, पुढचे डावे आणि शेवटी पुढचे उजवे.

३. निप्पलला रिंग पाना लावून त्यावर पारदर्शक नळी बसवावी. नळीचे दुसरे टोक बाटलीत थोड्या ऑइलमध्ये बुडवावे.

४. केबिनमधल्याने पेडल हळू दाबून धरावे आणि “धरलं” म्हणावे. खालच्याने निप्पल अर्धा फेरा सोडावा, ऑइल येऊ द्यावे, निप्पल बंद करावा आणि “सोड” म्हणावे. निप्पल बंद व्हायच्या आत पेडल सोडले तर हवा परत आत जाते.

५. बुडबुडे थांबून स्वच्छ ऑइल येईपर्यंत हे करावे. मधूनमधून टाकी भरत राहावी. टाकी रिकामी झाली की हवा शिरते आणि सगळे पहिल्यापासून.

जुन्या गाडीत पेडल थेट तळाला टेकवू नये. मास्टर सिलिंडरचा जो भाग कधी वापरात आला नाही तिथे गंज असतो, त्यावर घासून सील फाटते. पेडलखाली लाकडाचा छोटा तुकडा ठेवला की हे टळते.

लोड व्हॉल्व्ह असलेल्या गाडीत आणखी एक काळजी. चेसीला जॅक लावून मागची धुरी लोंबकळत ठेवली तर व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि मागे ऑइल नीट जात नाही. म्हणून मागची एअर काढताना गाडीचा भार धुरीवरच असावा. घोडी धुरीखाली लावावी. एबीएस असलेल्या गाडीची पद्धत वेगळी असते, काही गाड्यांना सर्व्हिस सेंटरचे मशिन लागते. तिथे घरचा प्रयोग नको.

दुसरी सुधारणा : पुढचे पॅड आणि डिस्क

पॅडवरचा मसाला ३ मि.मी. च्या आसपास आला की बदलावे. घाटात चालणाऱ्या गाडीत त्याआधीच. एका बाजूचे पॅड कधीच बदलू नयेत, पुढचे दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत, नाहीतर गाडी एका अंगाला ओढते.

कॅलिपर खोलल्यावर तो होज पाइपवर लोंबकळत ठेवू नये, तारेने वर बांधावा. पिस्टन मागे ढकलण्याआधी टाकीतले थोडे ऑइल काढून घ्यावे, नाहीतर ते वरून सांडते. कॅलिपर सरकतो त्या पिना स्वच्छ करून त्यांना ब्रेकसाठीचे, उष्णता सहन करणारे ग्रीसच लावावे. चाकाचे साधे ग्रीस वितळून पॅडवर जाते. पिना जाम असतील तर एकच पॅड झिजतो. खोललेला पॅड तिरका किंवा एकाच बाजूने झिजला असेल तर दोष तिथेच शोधावा.

डिस्कवर किंवा तिच्या हबवर किमान जाडी कोरलेली असते. त्याहून पातळ डिस्क लेथवर घासून वापरू नये. पातळ डिस्क लवकर तापते आणि तडकते. ब्रेक दाबल्यावर पेडल किंवा स्टेअरिंग थरथरत असेल तर डिस्क वाकडी किंवा असमान झिजलेली असू शकते.

काम झाले की गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबावे. पॅड बदलल्यावर पहिले पेडल रिकामेच जाते. हे विसरून गाडी गिअरमध्ये टाकली की ती समोरच्या भिंतीवर जाते.

नवे पॅड बसायला वेळ लागतो. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून २० पर्यंत मध्यम ब्रेक लावून वेग कमी करावा, असे आठ-दहा वेळा, मध्ये गार व्हायला थोडे अंतर द्यावे. पूर्ण थांबून पेडल दाबून धरू नये. नवे पॅड टाकून त्याच दिवशी भरलेली गाडी घाटात नेऊ नये.

तिसरी सुधारणा : मागचे ड्रम

बहुतेक मालक पुढचे पॅड बदलतात आणि मागे बघतच नाहीत. मागचे लायनर ढिले झाले की सगळे काम पुढच्या डिस्कवर पडते आणि त्या तापतात. भरलेल्या पिकअपमध्ये निम्म्याहून जास्त वजन मागच्या धुरीवर असते, तिथला ब्रेक झोपला तर पुढे कितीही महाग पॅड टाकले तरी उपयोग नाही.

ड्रम निघत नसेल तर जोराने घण मारू नये, बीड फुटते. ॲडजस्टर सैल करावा. काही ड्रमला आटे असलेली दोन भोके असतात, त्यात बोल्ट फिरवत नेले की ड्रम आपोआप बाहेर सरकतो. दोन्ही बाजू एकदम खोलू नयेत. एक जोडून झाली की दुसरी, म्हणजे नमुना समोर राहतो.

आत बघायच्या गोष्टी अशा. व्हील सिलिंडरचे रबर उचलून बघावे, आत ओले असेल तर सिलिंडर गळतोय. गिअर ऑइलचा वास येत असेल तर धुरीचे सील गेले आहे. तेल प्यायलेला लायनर पेट्रोलने धुऊन किंवा जाळून परत वापरू नये, तापला की तेल पुन्हा वर येते. ड्रमवर निळे डाग किंवा तडे असतील, किंवा आतला व्यास कोरलेल्या कमाल मापापेक्षा वाढला असेल, तर ड्रम बदलावा. पुढचा आणि मागचा शू सारखा नसू शकतो, त्यांची अदलाबदल करू नये.

ॲडजस्टिंग करताना चाक हाताने फिरवत लायनर ड्रमला लागेपर्यंत स्टार व्हील फिरवावे, मग चाक हलके घासत मोकळे फिरेल इतके मागे घ्यावे. दोन्ही बाजूंची घासण सारखी असावी. आधी लायनर, नंतर हँडब्रेकची केबल. लायनर ढिले ठेवून नुसती केबल ताणली तर हँडब्रेक लागल्यासारखा वाटतो, पण पायाचा ब्रेक तसाच खाली राहतो.

पाटे वाढवले आणि ब्रेक कमी झाला

ही गोष्ट फार कमी गाडीमालकांना माहीत असते. जास्त माल बसावा म्हणून मागे एक-दोन पाटे वाढवायची पद्धत सर्रास आहे. पाटे वाढले की गाडी मागून उचलते आणि भरली तरी पूर्वीइतकी बसत नाही. लोड व्हॉल्व्ह तर गाडी किती बसली यावरूनच वजन ओळखतो. गाडी बसली नाही म्हणजे त्याच्या मते ती रिकामी. मग दीड टन माल असूनही तो मागच्या चाकांचा दाब कापून ठेवतो. माल वाढला, मागचा ब्रेक कमी झाला, सगळा भार पुढच्या दोन डिस्कवर.

यावर तोडगा म्हणून काही ठिकाणी व्हॉल्व्हची दांडी तारेने वर बांधून टाकतात किंवा व्हॉल्व्हच काढून सरळ पाइप जोडतात. त्याने भरलेल्या गाडीला ब्रेक जोरात लागतो खरा. पण माल उतरवून परतताना, पावसात ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की मागची चाके जाम होतात आणि गाडी आडवी होते.

व्हॉल्व्हची दांडी मोडलेली, गंजून जाम झालेली किंवा बांधलेली आहे का, एवढे घरी वाकून बघता येते. त्याचे सेटिंग मात्र कंपनीने दिलेल्या मापानेच होते, ते अधिकृत वर्कशॉपमध्येच करून घ्यावे. पाटे मूळ संख्येवर आणणे हा सर्वांत सरळ उपाय. मोठे टायर टाकल्यानेही ब्रेक कमी होतो. टायरचा व्यास १० टक्के वाढला की तेवढ्याच पेडलला रस्त्यावरची पकड साधारण १० टक्क्यांच्या आसपास घटते.

मागे डिस्क, मोठा सिलिंडर : करावे का?

मागच्या चाकांना दुसऱ्या गाडीची डिस्क बसवणे वरवर सोपे वाटते. पण पुढच्या-मागच्या ब्रेकचे प्रमाण कंपनीने मोजून ठरवलेले असते. मागे ताकद वाढली की रिकामी गाडी फिरते. डिस्कसाठी ऑइल जास्त लागते, त्यामुळे जुन्या मास्टर सिलिंडरवर पेडल खोल जाते. हँडब्रेकची वेगळी सोय करावी लागते. वेल्डिंग करून बसवलेली कॅलिपरची पट्टी तुटली तर काय होईल, हे सांगायला नको.

मोठ्या व्यासाचा मास्टर सिलिंडर टाकला की पेडल कडक लागते आणि ब्रेक जोरदार झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात तेवढ्याच पायाच्या जोराला ऑइलचा दाब कमी तयार होतो. कडक पेडल म्हणजे चांगला ब्रेक नव्हे.

कायदाही बघावा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसी बुकातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. कंपनीच्या मापाचेच पॅड, लायनर, होज किंवा डिस्क बदलणे ही दुरुस्ती आहे, तिला अडचण नाही. मालवाहू गाडीचे फिटनेस ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावे लागते, त्यात ब्रेक तपासला जातो. अपघात झाला तर विम्याच्या दाव्यातही असा बदल आड येऊ शकतो.

घाटातली सवय

उत्तम ब्रेकही चुकीच्या सवयीने जळतो. ज्या गिअरमध्ये भरलेली गाडी तो घाट चढेल, त्याच गिअरमध्ये उतरवावी आणि गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाकावा. सतत पाय ठेवून ब्रेक घासत नेण्यापेक्षा थोडा वेळ जोर देऊन वेग कमी करावा आणि ब्रेक पूर्ण सोडावा, म्हणजे त्याला गार व्हायला फुरसत मिळते.

डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरणारे अजून दिसतात. नव्या कॉमन रेल डिझेल गाडीत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की डिझेलचा पुरवठाच थांबतो. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला डिझेल लागते. म्हणजे वाचत काहीच नाही, गिअरचा ब्रेक मात्र जातो.

जळका वास आला की सुरक्षित जागी थांबावे, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावावेत. तापलेल्या डिस्कवर किंवा ड्रमवर पाणी टाकू नये, बीड तडकते. उतरताना पेडल खाली गेलेच तर घाईने पुन्हा पुन्हा पंप करावे, एकेक गिअर खाली आणावा, हँडब्रेक हळूहळू ओढावा, हॉर्न आणि लाइट चालू ठेवून गाडी डोंगराच्या कडेला घ्यावी. इंजिन बंद करू नये.

मालाचे वजनही ब्रेकचाच भाग आहे. २० किलोचा एक क्रेट धरला तर ६० क्रेट म्हणजे १२०० किलो. आरसी बुकात लिहिलेली क्षमता आणि क्रेटची संख्या एकदा जुळवून बघावी. कायद्यात ओव्हरलोडसाठी २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २ हजार रुपये दंड आहे. मजूर किंवा यात्रेकरू मागे बसवून सप्तशृंगी गडासारखा घाट चढणे-उतरणे तर टाळायलाच हवे. मालवाहू गाडीत माणसे बसवायला परवानगी नाही, आणि ब्रेक कमी पडला तर त्यांच्या बचावाची काही सोयही नाही.

ही लक्षणे दिसली तर थेट गॅरेज

- पेडल दाबून धरले असता हळूहळू खाली जाते आणि बाहेर कुठेही गळती नाही : मास्टर सिलिंडरचे सील.
- इंजिन चालू असूनही पेडल कडक : बूस्टर, व्हॅक्यूम पाइप किंवा पंप.
- एअर काढूनही पेडल मऊच : आत हवा अडकलेली किंवा होज फुगतोय.
- लोखंडी ब्रेक पाइपला गंजाचे पापुद्रे : पाइप बदलावा, डाग देऊन चालवू नये.
- ब्रेक सोडल्यावरही एक चाक तापलेले : पिस्टन जाम किंवा होज आतून बंद.

माल भरण्याआधी पाच मिनिटे

टाकीतली ऑइलची पातळी बघावी. कमी झाली असेल तर नुसते भरून निघू नये, पॅड झिजलेत की गळती आहे ते शोधावे. चारही चाकांच्या आतल्या बाजूला ओले डाग आहेत का ते बघावे. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, मग दाबून धरून इंजिन सुरू करावे. पेडल थोडे खाली सरकले तर बूस्टर ठीक. टायरची नक्षी आणि हवा बघावी, कारण शेवटी रस्त्याला धरतो तो टायरच. चाक खोलले असेल तर नट समोरासमोरचे घट्ट करावेत आणि ५० किमीनंतर पुन्हा तपासावेत. मग अंगणातून निघताना हळू वेगात एकदा ब्रेक दाबावा. गाडी सरळ थांबली तरच माल भरायला घ्यावा.